हरणाचं पासबुक

माणसाला विकत घेतलेल्या वस्तूपेक्षा सापडलेल्या वस्तूचं प्रेम अधिक. पाचशे रुपये मोजून घेतलेली छत्री आपण वर्षातून दोनदा विसरतो. पण रस्त्यात सापडलेलं एक रुपयाचं नाणं घरी आल्यावर तीन माणसांना दाखवतो. आमच्या बँकेत लोक काय काय विसरून जातात त्याचं प्रदर्शन भरवता येईल. छत्र्या, चष्म्याची घरं, पेनांची टोपणं, भाजीच्या पिशव्या, आणि एकदा तर एक कवळी! ती परत न्यायला गृहस्थ आले तेव्हा त्यांना तोंडाने नीट मागताही येईना. बँकेने पेनं मात्र दोऱ्याने बांधून ठेवलेली असतात. बँकेचं मानवी स्वभावाबद्दलचं मत काय आहे, ते त्या दोऱ्याकडे बघून कळतं.

आता हरवलेल्या वस्तूची नीती सोपी आहे. मालकाला ती हवी असते. आपण ती परत करायची, निदान तशी इच्छा चेहऱ्यावर दाखवायची. पण मालकानेच वस्तू आपण होऊन टाकून दिली असेल, पुन्हा ढुंकूनही बघितलं नसेल, तर? ती उचलण्यात पाप कसलं? हा प्रश्न मला कधी पडला नसता. मी कॉमर्सचा पदवीधर. आमच्या कॉलेजात तत्त्वज्ञान हा विषय आर्ट्सच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होता, आणि आम्ही कॉमर्सवाले त्या इमारतीत फक्त कँटीनसाठी जात होतो. पण माझा भाचा अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीला असतो. त्याने दोन वर्षांपूर्वी मार्च महिन्यात रात्री फोन करून मला विचारलं, “मामा, पडलेली शिंगं उचलणं चूक आहे का रे?”

मला वाटलं, अमेरिकेत राहून मुलाच्या डोक्यावर परिणाम झाला. आपल्याकडे शिंगं म्हणजे शिंगावर घेण्याची, किंवा ऐन चाळिशीत मोडून वासरांत शिरण्याची. पडलेली शिंगं ही काय भानगड?

तर भानगड अशी. गाईम्हशींची शिंगं जन्माची सोबती असतात. हरणांतल्या सांबर-चितळांसारख्यांचं तसं नाही. नराला दरवर्षी नवी शिंगं येतात. उन्हाळाभर ती मखमली कातडीखाली वाढतात, आणि अशा वेगाने की एल्क नावाच्या तिकडच्या मोठ्या हरणाचं शिंग ऐन भरात दिवसाला दोन-अडीच सेंटिमीटर वाढू शकतं. (आमच्या पगारवाढीच्या कराराचा वेग यावरून आठवू नये.) मग मखमल गळते, आत हाडासारखं टणक शिंग उरतं, माजाच्या दिवसांत त्याने मारामाऱ्या होतात, आणि तो हंगाम संपून अंगातला जोर ओसरला की हिवाळ्यात किंवा वसंताच्या तोंडाशी शिंगाचा सांधा आपोआप सैल होतो. एक दिवस चालता चालता शिंग खाली पडतं. हरीण पुढे जातं. वळूनही बघत नाही. तहहयात खुर्चीला चिकटून बसणाऱ्यांनी शिकण्यासारखं आहे.

अमेरिकेच्या पश्चिमेकडल्या राज्यांत, म्हणजे वायोमिंग, युटा, कोलोरॅडो, मोंटाना या बाजूला ही शिंगं वेचायचा लोकांना भारी नाद. डोंगरात भटकायचं, दुर्बिणीने उतार न्याहाळायचे, आणि शिंग दिसलं की सोनं सापडल्यासारखं ओरडायचं. शिवाय त्याचे पैसे होतात. शिंगांची झुंबरं होतात, चाकूंच्या मुठी होतात, पूर्वेकडल्या देशांत औषधं होतात, आणि तुकडे करून कुत्र्यांना चघळायला देतात. भाव पौंडाला दहा-पंधरा डॉलर. मोठ्या एल्कचं एकेक शिंग चार-पाच किलो सहज भरतं. वायोमिंगमधल्या जॅक्सन गावच्या चौकात तर हजारो शिंगांच्या चार कमानी उभ्या आहेत. गावाला लागूनच १९१२ साली स्थापन झालेलं एल्कचं राखीव क्षेत्र आहे. तिथली शिंगं वसंतात कळप डोंगरात परतले की स्काउटची मुलं गोळा करतात, मे महिन्यात त्यांचा जाहीर लिलाव होतो, आणि पैशाचा मोठा वाटा हरणांच्याच कामी लागतो. तिथे बाकी कुणाला शिंगाला हात लावायची परवानगी नाही. हा झाला शिस्तीचा प्रकार. बाकीचा मुलूख मात्र मोकळा.

“अरे, मग यात चूक काय?” मी विचारलं. “बंदूक नाही, सुरी नाही, रक्ताचा थेंब नाही. मासे न खाणाऱ्यानेसुद्धा करावी अशी ही शिकार!”

“तेच तर,” भाचा म्हणाला. “पण मी ज्या उतारावर शिंगांची जोडी बघून ठेवलीय ना, तिथे पंचवीस-तीस हरणं बसलीयत.”

खरी गोम तिथेच होती. शिंगं पडतात कुठे? जिथे हरणं हिवाळा काढतात तिथेच. वरच्या डोंगरात बर्फ साचलं की म्यूल डिअर नावाची हरणं खाली उतरतात. खेचरासारखे लांब कान म्हणून हे नाव. बर्फ जरा कमी, ऊन जरा जास्त, असे दक्षिणेकडे तोंड केलेले उतार ती धरतात. वेचणाऱ्यालाही तेच उतार बरे. म्हणजे जागा एक आणि महिनेही तेच. ज्या दिवसांत हरणाला कुणीही येऊ नये असं वाटतं, नेमके त्याच दिवसांत पाहुणे यायला लागतात.

त्या हरणाचा हिवाळा कसा जातो हे भाच्याने सांगितलं, तेव्हा मी एका मिनिटात समजलो. ते बचत खातं आहे! उन्हाळाभर आणि पाऊस-पाण्याच्या दिवसांत हरीण चरबीचा भरणा करतं. नोव्हेंबरात बर्फ पडलं की भरणा बंद, फक्त रक्कम काढणं चालू. खायला सेजब्रशसारखी कडसर झुडपं असतात, पण त्यांतून जे मिळतं त्यापेक्षा अंग उबदार ठेवायला जास्त लागतं. एखादं हरीण हिवाळ्यात आपलं पाचवा हिस्सा वजन गमावून बसतं. मग ते करतं काय? काहीही करत नाही. बसून राहतं. हालचाल न करणं हाच त्याचा हिवाळ्यातला उद्योग. आमच्या शाखेतही असे दोघे-तिघे आहेत, पण ते बारा महिने.

मादीची गोष्ट आणखी अवघड. नोव्हेंबर-डिसेंबरात तिला दिवस गेलेले असतात, पाडस जूनमध्ये व्हायचं. पोटातलं पिल्लू शेवटच्या दोन-तीन महिन्यांत झपाट्याने वाढतं, म्हणजे खात्यात शिल्लक तळाला गेलेली असते तेव्हा. कुणी म्हणेल, टाकावा गवताचा भारा, होईल पुण्य. तेही चालत नाही. हिवाळ्यात त्यांच्या पोटातले सूक्ष्म जीव झुडपं पचवायच्या कामाला लागलेले असतात. एकदम गवत-धान्य पुढ्यात आलं तर ते पचत नाही, आणि पोट भरलेलं असूनही हरीण मरतं. तेव्हा बाहेरून भरणा स्वीकारला जात नाही. आहे त्यात वसंतापर्यंत न्यायचं.

अशा वेळी उताराखालून एक माणूस वर चढायला लागतो. त्याच्या मनात हरणांबद्दल काही वाईट नाही. उलट त्याला ती फार आवडतात. पण हरणाला त्याचं मन दिसत नाही, नुसते पाय दिसतात. कान उभे राहतात, कळप उठतो आणि छातीभर बर्फातून चढणीवर पळत सुटतो. पुढच्या टेकाडावर जाऊन थांबतो. माणूस म्हणतो, “वा! काय सुंदर देखावा! आणि बघा, थांबलीसुद्धा. काही झालं नाही.” खरंच काही होत नाही. हरीण तिथे मरत नाही. झालं तर काही आठवड्यांनी, कुठल्याशा घळीत, कुणी बघत नसताना होतं. किंवा जूनमध्ये पाडस अशक्त निघतं. तोपर्यंत माणूस घरी जाऊन शिंग पुसून दिवाणखान्यात ठेवतो. त्याच्यावर आरोप कोण ठेवणार? प्रेत नाही, हत्यार नाही, साक्षीदार नाही. डॉक्टरचं सर्टिफिकेट द्यायचंच झालं तर त्यावर ‘थंडी’ असंच लिहावं लागेल.

मला यावरून आमच्या काउंटरवर येणाऱ्या एका आजींची आठवण झाली. पेन्शनीचं खातं. त्यांना चार मुलगे, आणि कार्ड घरात देवाच्या फळीवर. एका महिन्यात आजी औषधाला पैसे काढायला आल्या तर खात्यात एकशे चौदा रुपये. पाठोपाठ मुलगे आले, तावातावाने. प्रत्येकाने सांगितलं, “साहेब, मी फक्त पाचशे काढले होते, फार तर दोनदा.” गंमत म्हणजे चौघेही खरं बोलत होते. मी एंट्र्या बघितल्या. कुणी लुटलं नव्हतं, कुणी फसवलं नव्हतं. चौघांचंही आईवर प्रेम होतं. थोरल्याच्या डोळ्यांत तर पाणी आलं. पण औषध त्या दिवशी मिळालं नाही ते नाहीच. आता दोषाची वाटणी करायला बसा. चार भाग केले तर प्रत्येकाच्या वाट्याला पाचशे-हजार रुपयांचा दोष येतो, आणि तेवढा दोष आपल्यापैकी कोण अंगावर बाळगत नाही?

मी बरेच दिवस विचार केला तेव्हा असं वाटलं, की त्या चौघांची चूक पाचशे काढण्यात नव्हतीच. काढण्याआधी एकानेही शिल्लक बघितली नाही, ही चूक. महिन्याच्या एक तारखेला काढलेले पाचशे आणि अठ्ठावीस तारखेला काढलेले पाचशे, हे आकड्यात सारखे दिसले तरी सारखे नसतात. हरणाचं पासबुक भरून द्यायला मशीन नाही, कबूल. पण मार्च महिना आहे, बर्फ आहे, कळप बसलेला आहे, एवढं दिसत असताना शिल्लक किती असेल याचा अंदाज यायला सीए व्हावं लागत नाही.

भाच्याने यावर तीन हरकती घेतल्या. मुलगा इंजिनीअर असला तरी आमच्या घराण्याचा आहे.

पहिली हरकत अशी, की लांडगे, कोल्ह्यांच्या जातीचे कायोटी, तिकडचे प्यूमा हेही हरणांना पळवतात. मग मी पळवलं तर काय? मी म्हटलं, “बाबा रे, प्यूमाला दुसरं जेवण नाही. तुझ्या फ्रीजमध्ये मागच्या रविवारची आमटी आहे. शिवाय प्यूमाचा खर्च हरणाने पिढ्यान्‌पिढ्या बजेटमध्ये धरलेला आहे. तू म्हणजे सर्व्हिस चार्ज. आधी न कळवता लावलेला.”

दुसरी हरकत कायद्याची. युटा राज्याने शिंगं वेचणाऱ्यांसाठी नीतिमत्तेचा एक अभ्यासक्रम ठेवला आहे. काँप्युटरवर घरबसल्या करायचा, फुकट. तो पुरा केला की सर्टिफिकेट मिळतं, ते जवळ बाळगून हंगामात हिंडायचं. “मामा, मी पास झालोय,” भाचा म्हणाला. नीतिमत्तेत पास झालेला आमच्या घराण्यातला हा पहिलाच, त्यामुळे मला अभिमान वाटला. पण त्या सर्टिफिकेटचा अर्थ त्याने उलटा लावला होता. बँकेतही आम्हांला सारखी कसली कसली ट्रेनिंगं देतात. शेवटी सही घेतात, ‘मला सर्व नियम समजले आहेत.’ ती सही म्हणजे परवानगी नव्हे. ती सही म्हणजे, पुढे काही झालं तर ‘मला माहीत नव्हतं’ म्हणायचा रस्ता बंद. कोर्स करण्यापूर्वी हरणं उठवणारा माणूस अजाण असतो. कोर्स केल्यावर तोच माणूस सबब नसलेला असतो. भाचा म्हणाला, “म्हणजे नापास झालो असतो तर बरं होतं?” या पोरांपुढे बोलायची सोय नाही.

तिसरी हरकत मात्र खरी कठीण. ती जगातल्या सगळ्या दुष्कृत्यांची आजी आहे. “मी नाही उचललं तर दुसरा उचलेल.”

ह्यात तथ्य नाही असं म्हणता येत नाही. बसमध्ये खिडकीची जागा आपण नाही धरली तर दुसरा धरतोच. पण मी हिशेब मांडून बघितला, आणि मला त्यात एक चुकलेली बेरीज सापडली. माझ्या नोकरीत माझं कौतुक व्हावं असा हा एवढाच प्रसंग. भाच्याचं वाक्य शिंगाच्या बाबतीत खरं आहे. शिंग एकदाच उचलता येतं. एकाने उचललं की संपलं. मग तो तू असलास काय, दुसरा असला काय. पण हरणाच्या बाबतीत ते साफ खोटं. हरीण कितीही वेळा उठवता येतं. तू गेलास आणि नंतर दुसरा गेला, तर कळप दोनदा पळाला. शिंग तिथे नाही हे दुसऱ्याला वर चढल्यावरच कळणार! तू गेला नाहीस, तर एकदा पळाला. म्हणजे तुझं थांबणं फुकट जात नाही. तुझ्या वाटणीची धाव कळपाला माफ होते. नुकसान होतं ते फक्त तुझं.

आणि सज्जन माणसाचं हे नुकसान कमी करणं, हेच कायद्याचं काम असावं. सगळ्यांनाच थांबवलं तर थांबणारा बावळट ठरत नाही. कोलोरॅडोने २०१८ पासून राज्याच्या पश्चिमेकडल्या सार्वजनिक जमिनीवर जानेवारी ते एप्रिलअखेर शिंगं उचलायला बंदी घातली. वायोमिंगच्या पश्चिम भागात ती त्याआधीपासूनच होती. २०२३ चा हिवाळा फार कडक गेला, तेव्हा युटानेही फेब्रुवारीतच कुलूप लावलं आणि मे उजाडेपर्यंत उघडलं नाही.

अर्थात माणूस तो माणूस. तारीख ठरली की रांग आलीच. वायोमिंगमध्ये एक मेला हंगाम उघडतो तेव्हा आदल्या रात्रीपासून गाड्या, घोडे, तंबू घेऊन लोक हद्दीवर येऊन बसतात आणि वेळ झाली की धूम ठोकतात. नोटाबंदीच्या वेळी, २०१६ च्या नोव्हेंबरात आमच्या शाखेपुढे जी रांग होती तिची मला आठवण झाली. फक्त आमच्याकडे कुणी घोडा आणला नव्हता. परराज्यातले लोक येऊन आमची शिंगं नेतात अशी तिथे ओरड झाली, आणि २०२४ पासून पहिला आठवडा वायोमिंगच्या रहिवाशांना राखून ठेवला. बाहेरच्यांनी आठ मेपासून यायचं आणि पैसे भरून स्टँप घ्यायचा. म्हणजे भूमिपुत्रांचा प्रश्न तिथेही आहे. खऱ्या भूमिपुत्राची शिंगं गेली, आणि त्यांवरून दोघा पाहुण्यांचं भांडण! पण निदान मे महिन्यात तो भूमिपुत्र हिरवं गवत खाऊन चार पावलं पळायच्या स्थितीत आलेला असतो, एवढं खरं.

आपल्याकडे या भानगडी नाहीत, कारण आपल्याकडे प्रश्नच काढून टाकला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे जंगलात पडलेलं शिंग सरकारच्या मालकीचं. ते तिथेच पडून राहतं, साळिंदरं आणि उंदीर कुरतडून त्यातलं कॅल्शियम खातात. माझ्या आजोळच्या वाड्यात सोप्यावर सांबराची शिंगं होती आणि त्यांवर आजोबांची टोपी लटकलेली असे. ते सांबर कुणी मारलं, का शिंगं नुसती सापडली, हे कुणी विचारलं नाही. टोपी लटकल्याशी कारण.

पण शिंगं नसली तरी पळवण्याची हौस आपल्यालाही कमी नाही. हिवाळ्यात भिगवणला उजनीच्या पाण्यावर फ्लेमिंगो येतात. बायकामुलांना घेऊन मी एकदा होडीतून बघायला गेलो होतो. शेकडो पक्षी चिखलात माना खाली घालून खात होते. होडीत एक गृहस्थ होते. गळ्यात हातभर लांब कॅमेरा. ते नावाड्याला म्हणाले, “जरा जवळ घ्या हो, उडवा एकदा. पंख उघडल्याशिवाय रंग येत नाही.” नावाडी वल्ही थांबवून शांतपणे म्हणाला, “साहेब, जेवायला बसल्यात ती.”

मला आमच्या आजीचं बोलणं ऐकल्यासारखं झालं. घरी सावकार आला, पोस्टमन आला, अगदी वाईट बातमी घेऊन कुणी आलं, तरी आजी त्याला ओसरीवर बसवायची. “पानावर बसलेत, होऊ दे जेवण.” भरल्या ताटावरून माणसाला उठवू नये, हे आपल्याकडे कुठल्या कोर्सात शिकवत नाहीत. आर्ट्सच्या इमारतीतल्या दुसऱ्या मजल्यावर यावर काय ग्रंथ असतील ते असोत. मी भाच्याला फोनवर नावाड्याचंच वाक्य सांगितलं. फक्त थोडी दुरुस्ती केली. म्हटलं, “तुझी हरणं तर उपाशीच बसलीयत. जेवणाऱ्याला उठवू नये, तर उपाशी माणसाला किती उठवावं?”

तो थांबला. कटकट करत का होईना, दीड महिना थांबला. मेच्या सुट्टीत गेला तेव्हा उतार हिरवा झाला होता, हरणं वर निघून गेली होती. जोडीतलं एक शिंग दुसऱ्या कुणी तरी नेलं होतं. दुसरं झुडपाखाली होतं म्हणून राहिलं असावं. त्याची टोकं उंदरांनी कुरतडून पार बोथट केली होती. त्याने फोटो पाठवला. मी तो सौ.ला दाखवला. ती म्हणाली, “एकच? आणि तेही खाल्लेलं? दीड महिना थांबून?”

मी तिला ही सगळी थिअरी पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगितली. बचत खातं, चौघे मुलगे, चुकलेली बेरीज, सगळं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग त्या हरणांना कळलं का, हा थांबला म्हणून?”

हरणांना कसं कळणार? पैसे काढले की मोबाइलवर ताबडतोब मेसेज येतो. न काढलेल्या पैशांचा मेसेज पाठवायची सोय अजून कुठल्याच बँकेत झालेली नाही.